आईने पाहिलेली मुंबई

मुंबई ठाऊक नाही असे घर देवगड तालुक्यात शोधून सापडणार नाही. कुणाचा भाऊ तिथे, कुणाचा जावई, कुणाचा मुलगा. परंतु ठाऊक असणे वेगळे आणि पाहणे वेगळे. आमच्या वाड्यांतून मुंबईला गेले ते बहुतेक पुरुष. बायका मागे राहिल्या, शेत राखीत, मुले वाढवीत आणि पोस्टमनची वाट पाहत. आमची आई त्यांपैकीच एक. आज तिचे वय चौऱ्याहत्तर. नवऱ्याने मुंबईत सतरा-अठरा वर्षे काढली, पण तिने त्या शहरात कधी पाऊल टाकले नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिला, मुलांच्या आईला, बारावीत शिकणाऱ्या मुलीला आणि आठवीतल्या मुलाला घेऊन पाच दिवस मुंबई पाहून आलो. त्याची ही हकिकत. आपल्या समाजातील इतर कुटुंबांना उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहोत.

आमचे वडील १९६४-६५ च्या सुमारास मुंबईला गेले. त्या काळी देवगडला आगबोट लागे. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावातून तिच्यापर्यंत जात. उतरायचे ते थेट भाऊच्या धक्क्यावर. वडील एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे कायम झाले. काम त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईचे. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त मिळे. परंतु पूर्वी तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ सालच्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. वडील लागले तोवर कायदा बदलला होता, पण आपली माणसे पुष्कळशी त्रासनखात्यातच राहिली.

राहणे गावच्या मंडळाच्या खोलीत. एका खोलीत पंधरा-वीस माणसे. भिंतीला ट्रंका आणि दोरीवर कपडे. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या जागी रातपाळीचा येऊन निजे. अशा खोलीत बायकोला आणणार कुठे? म्हणून आई गावीच राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुष्कळांना काम परत मिळालेच नाही. आमचे वडील १९८३ साली ट्रंक घेऊन घरी आले आणि मरेपर्यंत दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागांत राबले.

हे सारे सांगण्याचे कारण आहे. आमच्या मुलीला बारावीनंतर मुंबईत वाणिज्य शाखेत शिकायचे आहे. आम्ही स्वतः बी. कॉम. असल्याने आम्हाला त्याचे अप्रूप होते. आईचा मात्र ठाम विरोध. ती म्हणे, "मुंबयन माजो घोव नेलो. आता चेडू धाडूक नको." वाद घालून उपयोग नव्हता. शेवटी आम्ही म्हटले, तू एकदा मुंबई बघ, मग बोल. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तेंची खोली दाखवशात काय?" आम्ही हो म्हटले. ते हो म्हणणे आम्हाला पुढे जड गेले.

तिकिटांचे आम्ही साठ दिवस आधी पाहिले. हल्ली आरक्षण साठ दिवस आधीच सुटते. सुट्टीच्या गाड्या पहिल्या दिवशीच भरतात, तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. देवगडहून एसटीने कणकवली आणि तिथून रात्रीची गाडी. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचे पूर्ण मार्गावर उद्घाटन झाले. त्यापूर्वी एसटीत बसून रात्रभर घाट मोजावे लागत, हे आमच्या मुलांना सांगूनही पटत नाही. आईने मात्र गाडीतही उशाशी चपला घेऊनच झोप काढली.

आमचा मावसभाऊ नालासोपाऱ्यास राहतो. दीड खोलीत त्याची चार माणसे आणि आम्ही पाच. पण मन मोठे असले की जागा पुरते. बुधवारी पोहोचलो, विश्रांती घेतली आणि संध्याकाळी जवळच्याच सोपाऱ्याचा स्तूप पाहिला. रोज लाखो माणसे ज्या स्टेशनाचे नाव ऐकतात ते शूर्पारक बंदर प्राचीन काळी दूरदेशी प्रसिद्ध होते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप खणला. आत दगडी करंडकात भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती मिळाल्या. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथलाच. मुलगा म्हणाला, "म्हणजे मुंबईच्या आधी हे बंदर होते?" आम्ही म्हटले, होय, आणि बंदर गाळाने भरले की शहरही मागे पडते.

गुरुवारी दादर गाठले. प्रथम चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर येथे अंत्यसंस्कार झाले. सहा डिसेंबरला आम्ही पूर्वी आलो आहोत, पण तेव्हा रांग, गर्दी आणि पुस्तकांचे स्टॉल यांतच दिवस जातो. साध्या दिवशी तिथे शांतता असते. आईने मेणबत्ती लावली, समुद्राकडे तोंड करून पायरीवर बसली आणि म्हणाली, "ह्यो आपलोच दर्यो." जवळच इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे काम चालू होते. २०१५ साली त्याचे भूमिपूजन झाले. एका गिरणीच्या जागेवर बाबासाहेब उभे राहणार हे ऐकून तिने लगेच विचारले, "आणि तेंच्या गिरणीच्या जाग्यार काय असा?"

आम्ही उत्तर टाळले. हिंदू कॉलनीतले राजगृह पाहिले. बाबासाहेबांनी हे घर १९३० च्या दशकात बांधले ते प्रामुख्याने पुस्तकांसाठी. मुलीने तिथून निघायला वेळ लावला. पुढे परळला दामोदर हॉलच्या परिसरात बी. आय. टी. चाळ. राजगृहात जाण्यापूर्वी बाबासाहेब अनेक वर्षे याच चाळीत राहिले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू झाले तेही याच भागातून. आई चाळीखाली उभी राहून वरच्या गॅलऱ्या पाहत होती. "एवढ्याश्या खोलयेत ऱ्हवान एवढां शिकले?" असे तिने विचारले, आणि नातीकडे पाहिले.

मग वडिलांची खोली. आमच्याकडे एका जुन्या पत्रावरचा पत्ता होता. लालबागच्या बाजूला दोन तास फिरलो. चाळ नव्हती. त्या जागी काचेचा उंच मनोरा उभा होता आणि फाटकावर पहारेकरी. गिरणीचेही तेच झाले होते. आम्ही हे आधी चौकशी करून जाणून घ्यायला हवे होते. चूक आमची. आईने पहारेकऱ्याला विचारले, "हंय चाळ होती मा?" तो बिचारा उत्तरेकडचा तरुण, त्याला काय कळणार? त्याने खुर्ची मात्र आणून दिली. आई त्या खुर्चीवर दहा मिनिटे बसली. तिने पिशवीतून घरच्या चाफ्याचे फूल काढले, फाटकाच्या बाजूला ठेवले आणि उठली. आमची मुलगी तिचा हात धरून चालत होती. दोघी काहीच बोलल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी दुसरा प्रसंग. दादरला विरार गाडीच्या गर्दीत मुलगा चढला आणि आम्ही खाली राहिलो. गाडी सुटली. मुलांच्या आईच्या तोंडचे पाणी पळाले. परंतु घरून निघतानाच आम्ही मुलांना बजावले होते, चुकामूक झाली तर पुढच्याच स्टेशनात उतरायचे, इंडिकेटरखाली उभे राहायचे, हलायचे नाही. मागच्या गाडीने गेलो तो चिरंजीव तिथेच उभे, वर हसत. वाचकांस सांगणे हेच की, असा नियम आधी ठरवा आणि मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. सकाळी आठ ते अकरा शहराकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते नऊ परतीच्या गाड्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन शक्यतो टाळा.

शुक्रवारी दादरहून भुयारी मेट्रोने फोर्टात गेलो. ही मेट्रो २०२४ साली सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. सरकत्या जिन्यावर आईने प्रथम पाय ठेवला नाही, दुसऱ्या खेपेस नातवाला शिकवू लागली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत पाहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी याच बोरीबंदर भागातून ठाण्यास गेली, आणि २००४ पासून ही इमारत जागतिक वारसा यादीत आहे. तिथून चालत सिद्धार्थ महाविद्यालयाच्या बुद्ध भवन आणि आनंद भवन या इमारती. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली हे महाविद्यालय सुरू झाले. १९५३ साली वाणिज्याचेही निघाले. नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून इथे सकाळचे वर्ग होते, हे आईला सांगितले. तिने विचारले, "तेवा तेंका कोणी सांगूक नाय काय?" वडिलांना कुणी सांगितले असते तर काय झाले असते, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

वस्तुसंग्रहालयात सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपावरील भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत, त्या अवश्य पाहाव्यात. सोपाऱ्याचा अशोककालीन लेखही इथे भेटला आणि मुलाला ओळखीचा माणूस भेटल्यासारखे झाले. समोरच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात बाबासाहेब शिकले. गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पूर्ण झाला आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून गेली. आईला कमानीपेक्षा मचव्यांची गर्दी पाहण्यातच रस होता.

शनिवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी. (सोमवारी बंद असतात, ध्यानात ठेवावे.) एकाच डोंगरात शंभरावर लेणी. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीतील बुद्धमूर्ती चार पुरुष उंचीच्या. आम्हाला अधिक मोलाची वाटली ती पाण्याची टाकी. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी दगडात कोरलेले टाके आणि त्यात डोंगराचे पाणी आणणारे पाट. शिलालेखांत त्यांना 'पोढि' म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने असे एक टाके दान दिल्याची नोंद तिथे आहे. राजे, व्यापारी यांच्याबरोबर साध्या कारागिरांनीही इथे पाणी दिले. आणि याच कोकणात २० मार्च १९२७ रोजी महाडला पाण्याला हात लावण्यासाठी हजारो माणसांना जावे लागले! आईच्या लहानपणी आमच्याही वाडीला वरच्या विहिरीवर जाता येत नव्हते. तिने टाक्यात वाकून पाहिले आणि म्हणाली, "कोणाचा पाणी तां लिवन ठेवल्यानी, पण कोणी पिवचा नाय तां लिवक नाय." आम्ही इतकी वर्षे भाषणे करतो. इतके नेमके वाक्य आम्हाला सुचले नव्हते.

रविवारी भायखळ्याच्या राणीबागेत पेंग्विन पाहिले, हा मुलाचा हट्ट. रात्रीच्या गाडीने परत निघालो. कारकुनाची सवय म्हणून हिशेब ठेवला. पाच माणसांचा पाच दिवसांचा सारा खर्च अकरा हजार चारशे रुपये. राहणे मावसभावाकडे होते आणि दुपारची भाकरी बहुधा घरूनच बांधून नेली, म्हणून जमले.

गाडीत पनवेल सोडल्यावर आईने आपणहून विषय काढला. "चेडू ऱ्हवतला खंय?" तिने प्रथमच 'नको' म्हटले नव्हते. आम्ही सांगितले, शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करू. प्रवेश न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत राहण्या-जेवण्यासाठी रक्कम थेट खात्यात मिळते. आपल्या भागातील पुष्कळ पालकांना ही योजना ठाऊक नाही. त्यांनी ओरोसला समाजकल्याण कार्यालयात वेळीच चौकशी करावी, अटी आणि मुदती नीट वाचाव्यात, आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला बारावीच्या निकालाची वाट न पाहता काढून ठेवावा. निकालानंतर तहसील कचेरीत किती गर्दी होते, हे आम्ही टेबलाच्या आतल्या बाजूने पाहतो.

आईने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "पंधरा जणांच्या खोलयेत ठेवशात तर धाडूचंय नाय. सुट्टयेत घराक येवक होयां. आणि पत्र धाडूक होयां, फोन नको." नात म्हणाली, "आजी, तुला वाचता कुठे येते?" आई म्हणाली, "तुजो बाबा वाचीत. तेंची पत्रांय असोच कोणतरी वाची."

वडिलांची ती पत्रे एका डब्यात आहेत. घरी पोहोचल्यावर आम्ही तो डबा काढून मुलीच्या हाती दिला. रोज रात्री ती आजीला एकेक वाचून दाखवते.