रिकाम्या ट्रॉलीची हवा

पहाटे ५.३०

गाळप हंगामात कोल्हापूर भागात कारखान्याच्या वाटेवर टायरचं दुकान चालवायचं, तर दिवस उजाडण्याची वाट बघून चालत नाही. शटर उघडलं की आधी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक सोडतो. रात्रभरात तळाशी साठलेलं पाणी फसफसत बाहेर येतं. ते तसंच राहिलं तर हवेबरोबर ट्यूबमध्ये जातं. मग गेज तपासतो. रोजचं गेज दिवसभर हातातून पडतं, आपटतं, हळूहळू खोटं बोलायला लागतं. म्हणून दुसरं एक चांगलं गेज कपाटात ठेवलेलं असतं. एकाच टायरला दोन्ही लावून बघायची. दोन-तीन पौंडांपेक्षा जास्त फरक दिसला तर रोजचं गेज बाजूला.

सकाळी ६

दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम आता, पुढच्या दीड तासात होतं. ट्रॅक्टर मागे दोन-दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन फडाकडे निघालेले असतात. ऊसतोड टोळी केव्हाच कोयते घेऊन सरीत उतरलेली असते, त्यामुळे ड्रायव्हरला घाई. पण ट्रॉलीच्या टायरची हवा ठरवायची योग्य वेळ हीच. टायर रात्रभर उभा राहून पूर्ण थंड झालेला असतो. टायरच्या बाजूवर किंवा कंपनीच्या तक्त्यात हवेचा जो आकडा असतो, तो थंड टायरचा असतो.

"मामा, लाथ मारून बघितलंय, टणक हाय. सोडा की!" हे रोज ऐकतो. ट्रॉलीचा ९.००-२० चा नायलॉन टायर १६ प्लायचा असतो. त्याची भिंतच इतकी जाड की आत ६० पौंड हवा असो की १००, रिकाम्या ट्रॉलीखाली तो तसाच उभा दिसतो. लाथेला, हातोड्याच्या टोल्याला आणि डोळ्याला हा फरक कळत नाही. कळतो तो फक्त गेजला.

दुसरा समज असा, की ऊस भरला की हवा आपोआप वाढते, म्हणून रिकाम्यात थोडी कमीच ठेवावी. हा समज मी मनापासून मोडू बघतो, कारण बरेच टायर यानेच मरतात. ट्रॉली भरल्यावर गेजचा काटा जेमतेम हलतो. टायर तेवढा दबतो, जमिनीला टेकलेला भाग वाढतो, पण आतली जागा फारशी कमी होत नाही, म्हणून दाबही जवळपास तोच राहतो. भरल्यावर लागणारी हवा रिकाम्यातच भरून ठेवायला हवी. फडात, बांधाच्या कडेला, कॉम्प्रेसर कुठून येणार?

मग किती भरायची? याचं उत्तर ड्रायव्हरच्या खिशात असतं: कालच्या वजनकाट्याची पावती.  आमच्याकडे कारखाना प्रत्येक खेपेला वजन छापून देतो, पण ती पावती फक्त बिलासाठी जपली जाते. आज एका ड्रायव्हरला ती काढायला लावली. दोन ट्रॉल्यांत मिळून निव्वळ ऊस १६ टन. रिकामी ट्रॉली साधारण दोन टनांची धरली तर एकूण २० टन. चाकं आठ. म्हणजे एका चाकावर अडीच टन. हा आकडा टायरच्या बाजूवर लिहिलेल्या भाराशी ताडून बघायचा. ९.००-२० ला एवढ्या ओझ्यासाठी हवा १०० पौंडांच्या आसपास लागते. त्याच्या मागच्या ट्रॉलीच्या एका चाकात ७२ निघाली.

"काल तर कायबी झालं न्हाई."

"काल कडेनं भेगा धरल्या असतील भावा, त्या आज दिसायच्या न्हाईत."

त्याला थांबवलं. शिफारशीच्या ८० टक्क्यांहून कमी हवेवर भरलेला टायर चालला असेल, तर तो पंक्चर समजून खाली उतरवायचा आणि आतून बघायचा, हा या धंद्यातला जुना नियम. वरून हवा मारून पुढे पाठवलं तर आत तुटलेले धागे पुन्हा जुळत नाहीत. ट्यूब काढली. टायरच्या आत, खांद्याजवळ, रबराची काळी भुकटी जमली होती. टायर बदलला. त्याची अर्धी खेप गेली, पण माझ्या मते तो स्वस्तात सुटला.

अडीच टन हा सरासरीचा आकडा, हेही लक्षात ठेवायला हवं. मोळ्या मागच्या अंगाला उंच रचल्या तर मागच्या दोन चाकांवर जास्त भार येतो. म्हणून हवा सगळ्यात जास्त दबणाऱ्या चाकाच्या हिशेबाने ठरवायची, आणि एका आसावरच्या दोन्ही चाकांत सारखी ठेवायची. एकीकडे १०० आणि दुसरीकडे ८५ असली तर ट्रॉली ओढताना एका अंगाला झुकते. उसाचा ढीग आधीच उंच, त्यात वळण आलं की भीती वाटते.

सकाळी ८

आता ट्रॅक्टरचे टायर. इथे हिशेब उलटा. मागच्या मोठ्या चाकात शेतात १२ ते १४ पौंड पुरतात, डांबरी रस्त्यावर ट्रॉल्या ओढताना त्याहून थोडी जास्त, १८-२० च्या आसपास. पुढच्या लहान चाकात ३० च्या आसपास. नक्की आकडा टायरच्या मापावर ठरतो आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेला असतो. ट्रॉलीला १०० लागते म्हणून ट्रॅक्टरलाही ३५-४० ठोकून घेणारे भेटतात. मग मागचं चाक फुगून फक्त मधल्या पट्टीवर उभं राहतं. रस्त्यावर नक्षी मधूनच झिजते आणि फडातून भरल्या ट्रॉल्या बाहेर काढताना चाक जागच्या जागी फिरतं. ओढायला जमिनीवर पकड लागते, आणि ती पसरलेल्या टायरला मिळते.

काहींनी वजनासाठी मागच्या चाकांत पाणी भरलेलं असतं. अशा चाकाचा वॉल्व्ह वरच्या बाजूला आणूनच हवा बघायची. नाहीतर गेजमध्ये पाणी शिरतं आणि आकडाही चुकतो.

सकाळी १०

मोटारसायकली, एक दुधाचा टेम्पो, शाळेची व्हॅन. साधी पंक्चरं.

दुपारी १

डिसेंबरात इथे पहाटे १५ अंशांच्या जवळपास थंडी असते आणि दुपारी ३२ पर्यंत ऊन चढतं. एवढ्या फरकानेच, चाक न फिरता, १०५ पौंडांचा टायर सहा-सात पौंडांनी वर जातो. ट्रॅक्टरच्या १८ पौंडांच्या चाकात मात्र हाच फरक दोनच्या आत राहतो. त्यात भरून चालल्याची उष्णता मिसळली की ट्रॉलीचा टायर सहज ११५ ते ११८ दाखवतो. हे ठीक आहे. थंड आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के वाढ धरूनच टायर बनवलेले असतात.

पण याच वेळी ड्रायव्हर येऊन म्हणतात, "मामा, हवा लई झालीया, जरा सोडा." मी सोडत नाही. गरम टायर ११८ दाखवतोय म्हणून तो १०५ वर आणला, तर उद्या पहाटे तो ९३ वर येईल. ऊस तेवढाच, हवा कमी. मग टायर जास्त दबतो, जास्त तापतो, पुन्हा ११५ दाखवतो आणि पुन्हा हवा सोडावीशी वाटते. उन्हाळ्याच्या तोंडावर ट्रॉलीचे टायर फुटतात तेव्हा जादा हवेला शिव्या बसतात, पण फुटलेला टायर उघडला की बहुतेक वेळा आत कमी हवेच्याच खुणा दिसतात.

गरम टायरचा एक उपयोग मात्र करून घ्यावा. चारही चाकांची गरम हवा मोजावी. तिघांत ११५ आणि चौथ्यात १२५ निघाली, तर त्या चाकावर भार जास्त आहे, किंवा तिथला ब्रेक धरतोय. कारण शोधायचं. हवेला तसंच राहू द्यायचं.

दुपारी ३.३०

लॉक रिंगचं काम आलं. ट्रॉलीच्या चाकाला टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग असते. ती खाचेत नीट बसली नसेल आणि हवा भरली, तर सुटून उडते, आणि तिच्यासमोरचा माणूस वाचत नाही. म्हणून चाकाला साखळी गुंडाळतो, रिंगची बाजू जमिनीकडे करतो, लांब नळी लावून दूर उभा राहून आधी १०-१५ पौंड भरतो, रिंग बघतो, मग पुढची हवा. बघायला जमलेल्या पोरांना ओरडून लांब हाकलतो. या कामात मी कुणाची भीड ठेवत नाही.

सायंकाळी ६.३०

भरलेल्या ट्रॉल्या ओळीने येतात. यावेळी आमच्याकडे हवेपेक्षा नट आवळायला आणि मागे रिफ्लेक्टर चिकटवायला लोक जास्त थांबतात. तेही करायलाच हवं. अंधारात बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलला दिसत नाही.

रात्री ९

शटर ओढण्याआधी कारखान्याच्या यार्डात डबा पोचवायला गेलो. पुतण्या ट्रॅक्टरवर आहे, त्याचा नंबर अजून लागायचा होता. ऊस गव्हाणीत पडेपर्यंत गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात. वाटेत तापलेले टायर तिथेच थंड होतात, तीन-चार तास पुरतात. मग रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर चढते, निव्वळ वजनाची पावती हातात पडते आणि गाडी फाटकातून बाहेर जाते. म्हणजे थंड टायर, रिकामी ट्रॉली आणि छापील वजन या तिन्ही गोष्टी रोज, प्रत्येक गाडीला, त्या फाटकाशी एकत्र येतात.

तिथे फक्त हवेची सोय नसते. कारखान्यांनी बाहेर पडायच्या काट्याशेजारी एक कॉम्प्रेसर, एक खात्रीचं गेज आणि ट्रॉलीच्या टायरच्या मापांप्रमाणे भार आणि हवेचा मराठी तक्ता लावावा. माझ्यासारख्यांचं गिऱ्हाईक थोडं घटेल, ते घटू दे. ज्या संचालकांच्या हातात हे आहे, त्यांनी पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत एवढं करून द्यावं.