स्थिर क्षेत्रातील गतिमान अणूंचे चुंबकीय अनुस्पंदन

बारामती-इंदापूर भागात उसाच्या सऱ्या आडव्या ओलांडणारी बैलगाडी प्रत्येक सरीगणिक हिसका खाते. सऱ्या जागच्या हलत नाहीत. तरी गाडीवानास हिसक्यांची निश्चित कंप्रता जाणवते. गाडीच्या वेगास दोन सऱ्यांमधील अंतराने भागले असता ती मिळते. आवर्ती चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या अणूचा अनुभव असाच असतो.

रबी यांनी 1938 मध्ये रेणूंच्या शलाकेवर आंदोलित क्षेत्र लावून चुंबकीय अनुस्पंदन सिद्ध केले. क्षेत्राची कंप्रता चुंबकीय परिबलाच्या परांचन-कंप्रतेशी जुळली म्हणजे एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर संक्रमण घडते. तथापि आंदोलक अपरिहार्य नाही. समांतर तारांतून एकाआड एक उलट दिशांनी अचल प्रवाह सोडल्यास काळात स्थिर, पण अवकाशात आवर्ती क्षेत्र मिळते. अशा क्षेत्रातील रुबिडियम अणूंचे गतिजन्य अनुस्पंदन हाताकेयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केले.

या अक्षांशांत भूचुंबकीय क्षेत्र सुमारे 0.43 गॉस आहे. त्यात रुबिडियम-87 ची परांचन-कंप्रता सुमारे 3 लाख हर्ट्झ येते. शलाकेचा वेग सेकंदाला 300 मीटर व क्षेत्राचे आवर्तनांतर 1 मिलिमीटर असल्यास अणूस जाणवणारी कंप्रताही तेवढीच होते.

येथे प्रश्न उद्भवतो : संक्रमणाची ऊर्जा येते कोठून? क्षेत्र स्थिर असल्यामुळे अणूची एकूण ऊर्जा बदलू शकत नाही. तेव्हा वरच्या पातळीवर जाणारा अणू ती ऊर्जा आपल्या गतिज ऊर्जेतूनच देतो, आणि खाली उतरणारा अणू किंचित वेगवान होतो. वरील उदाहरणात हा व्यय गतिज ऊर्जेच्या सुमारे तीन कोटींतील एक भाग असून वेगातील घट सेकंदाला सुमारे 5 मायक्रोमीटर आहे. संवेगाचा हिशेब तारांची जाळी पुरा करते. बैलगाडीच्या हिसक्यांची ऊर्जाही सऱ्या देत नाहीत. ती गाडीच्या गतीतूनच खर्ची पडते.

शलाकेतील अणूंचे वेग भिन्न असल्याने अनुस्पंदन-रेषा रुंदावते. उलटपक्षी, ठरावीक वेगाचे अणू निवडण्यास हीच गोष्ट उपयोगी पडते. बाह्य क्षेत्राचा उपद्रव मात्र टाळलाच पाहिजे. कारण एक सहस्रांश गॉसच्या फरकाने कंप्रता सुमारे 700 हर्ट्झने सरकते. मुंबईतील विजेच्या ट्रामगाड्यांच्या उपद्रवाच्या भीतीने कुलाब्याचे भूचुंबकीय वेध 1904 मध्ये अलिबागला हलविण्यात आले. बारामती एमआयडीसीसारख्या यंत्रबहुल परिसरात असा प्रयोग मांडावयाचा झाल्यास चुंबकीय आवरण हीच पहिली आवश्यकता ठरेल.