विद्युत पेट्यांवरील दोन अंक : आयपी चाचणीचा अर्थ

पथदिवे, नळपाणी योजनेचे पंप, शाळेतील वीजजोडणी यांसाठी साहित्य खरेदी करताना निविदेत ‘आयपी ५४’ किंवा ‘आयपी ६५’ अशी अट आता सर्रास आढळते. पुरवठादार चाचणी-अहवालाची प्रत जोडतो, तीवर ‘उत्तीर्ण’ असा शेरा असतो आणि फाईल पुढे जाते. पावसाळ्यात मात्र पेटीत पाणी शिरले, तर पत्र्यात वा लोखंडी खांबात वीज उतरून त्यास स्पर्श करणारे मूल किंवा जनावर प्राणास मुकू शकते. तो शेरा काय सांगतो व काय सांगत नाही, हे खरेदी समितीच्या सदस्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

या चाचण्या आंतरराष्ट्रीय मानक ६०५२९ नुसार होतात. भारतीय मानक ब्युरोने तेच मानक स्वीकारले आहे. त्यातील पहिला अंक ० ते ६ असून तो घन पदार्थांविषयी आहे. २ हा अंक मिळण्यासाठी माणसाच्या बोटासारखा, १२ मिलिमीटर व्यासाचा, सांधे असलेला शोधक आत घातला तरी त्याचा जिवंत भागास स्पर्श होता कामा नये. ४ साठी १ मिलिमीटर जाडीची तारही आत जाऊ नये. ५ व ६ साठी पेटी बंद कक्षात ठेवून तीभोवती शंखजिऱ्याची बारीक भुकटी खेळवितात. पाचव्या पायरीत थोडी धूळ आत गेली तरी चालते, मात्र तिने कामात किंवा सुरक्षिततेत बाध येऊ नये. सहाव्या पायरीत आत धूळ दिसताच कामा नये.

दुसरा अंक पाण्याचा. ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटर तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा झोत. ६ साठी हेच प्रमाण १०० लिटर होते. ७ म्हणजे साधारणतः १ मीटर पाण्याखाली ३० मिनिटे. येथेच पुष्कळांची फसगत होते. सहापर्यंतचे अंक खालच्या पायऱ्यांचा समावेश करतात, परंतु ७ किंवा ८ मिळविणारी पेटी झोताच्या चाचणीत उतरली आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. दोन्ही हवे असल्यास ‘आयपी ६६/आयपी ६८’ असा दुहेरी उल्लेख मागावा लागतो. अंकाच्या जागी ‘एक्स’ असल्यास त्या बाबीचा दर्जा सांगितलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ. संरक्षण शून्य आहे असा नव्हे. ‘वॉटरप्रूफ’ हा जाहिरातीतील शब्द तर मोजमापाच्या दृष्टीने निरर्थकच समजावा.

पाण्याच्या चाचणीत ‘उत्तीर्ण’ म्हणजे आत एक थेंबही गेला नाही, असेही नव्हे. आत गेलेल्या पाण्याने काम बिघडू नये, ते जिवंत भागांवर किंवा केबलच्या टोकाशी साचू नये, अशी मानकाची कसोटी आहे. म्हणून ‘पाणी आढळले नाही’ आणि ‘किंचित पाणी आढळले, परंतु हानिकारक नाही’ या दोन नोंदींतील फरक अहवालात वाचूनच कळतो.

चाचणी नव्या नमुन्यावर, स्वच्छ पाण्याने, प्रयोगशाळेत होते. किनारपट्टीवरील खाऱ्या हवेचा गंज, उन्हाने कडक झालेले रबरी गॅस्केट, किंवा दिवसा तापून रात्री निवणाऱ्या पेटीत आतल्या आत जमणारे दव यांविषयी हे अंक काहीही सांगत नाहीत. आघात सोसण्याच्या क्षमतेसाठी वेगळी ‘आयके’ श्रेणी आहे.

अहवाल हाती घेतल्यावर प्रथम त्यावरील मॉडेल क्रमांक व पुरविलेल्या मालावरील क्रमांक एकच आहेत काय, ते पाहावे. त्यानंतर केबलची छिद्रे चाचणीच्या वेळी कशी बंद केली होती, हे पाहावे. बहुतेकदा ती बुचे लावून बंद केलेली असतात. प्रत्यक्ष जागेवर मात्र तारा ग्लँडशिवायच छिद्रातून ओवल्या जातात, आणि मग ६५ हा दर्जा केवळ कागदावर उरतो. काही पेट्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी मुद्दाम छिद्र ठेवलेले असते. वायरमन सद्हेतूने ते बुजवितो व आत साचलेल्या पाण्यास वाट राहत नाही. यासाठी पुरवठा आदेशातच ग्लँडचा आकार व संख्या लिहावी, केबल शक्यतो खालून घ्यावी आणि वापरात नसलेली केबलची छिद्रे निर्मात्याच्या बुचांनीच बंद करून घ्यावीत.