अमरवेल आणि बांडगूळ : एकच विळा दोघांना चालत नाही



अमरवेल काय नि बांडगूळ काय, दोन्ही दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या वनस्पती. म्हणून पुष्कळ मंडळी उपायही एकच करतात. विळा घ्यायचा अन् छाटायचे! इथेच घोटाळा होतो.

या दोघांची सवय सारखी, पण कूळ वेगळे. अमरवेल रताळ्याच्या कुळातली. बांडगुळाचे लांबचे नाते चंदनाशी. चंदनही शेजारच्या झाडाच्या मुळांतून रस ओढते; म्हणून तर त्याच्या रोपाजवळ तूर लावतात.

अमरवेलीचे बी जमिनीत रुजते. कोंब थोडे दिवस स्वतःच्या शिदोरीवर तग धरतो. तेवढ्यात हिरवे झाड सापडले की त्याला विळखा घालतो, खोडात शोषक मुळे खुपसतो आणि त्याचे जमिनीतले मूळ सुकून जाते. मग हा पिवळा दोरा सगळे अन्नपाणी पिकाचेच खातो. छाटलात, तर तुटलेला तुकडा शेजारच्या ताटावर पडून पुन्हा धरतो. म्हणजे आपणच लागवड केली म्हणायची!

लसूणघासात हा उपद्रव फार, कारण बी घासाच्या बियाण्यातूनच येते. तेव्हा बियाणे खात्रीचे घ्या. वेल दिसताच, फुलावर येण्याआधी, तेवढा घास वेलीसकट मुळापासून काढून बांधावर जाळा. बी धरलेला घास जनावरांपुढे टाकू नका. ते बी शेणखतातून परत शेतात येते. जमिनीतले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. अशा रानात ज्वारी, बाजरी, गहू घ्यावा. या पिकांवर अमरवेल सहसा वाढत नाही.

बांडगुळाचे तंत्र निराळे. त्याला हिरवी पाने आहेत, अन्न ते बरेचसे स्वतः करते. आंब्याच्या फांदीतून पाणी आणि क्षार मात्र चोरते. त्यामुळे गाठीपुढची फांदी वाळत जाते. फळे पक्षी खातात, चिकट बी फांदीवर पुसले जाते आणि तिथेच रुजते. जमिनीशी त्याचा संबंध नाही.

इथे विळा-करवत चालते, पण नुसता पाला ओरबाडू नका; गाठ राहिली की पुन्हा फुटते. गाठीच्या खाली, निरोगी लाकडात फांदी कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा. फळे पिकण्याआधीच हे काम उरका. शेजाऱ्याच्या आंब्यावर बांडगूळ असेल तर त्यालाही बरोबर घ्या, कारण पाखरांना बांध ठाऊक नसतो.