स्वागत करणारं संकेतस्थळ

संगणक वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन शिकण्याची परंपरा जुनी आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक एका गॅरेजमध्ये भरली. पुण्यात लिनक्सप्रेमींचा ‘प्लग’ हा गट आहे. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या गावात असा गट उभा करायचा, तर त्याच्या संकेतस्थळासाठी ही पथ्यं पाळावीत:

• पहिलाच मजकूर : पुढची बैठक कधी, कुठे, फी आहे का आणि ‘संगणक येत नसला तरी जरूर या’ हे वाक्य.

• भाषा : मराठी आधी. तेलंगणाची सीमा जवळ असल्याने स्वागताचा मजकूर तेलुगूतही द्यावा.

• अक्षरं : युनिकोडच वापरावं. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर विस्कटतो आणि शोधातही सापडत नाही. ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट मोफत मिळतो.

• रंग : अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं, असं सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष सांगतो. फिक्या राखाडी अक्षरांनी ज्येष्ठांचे डोळे शिणतात.

• वजन : फोटो मोजके आणि लहान आकाराचे, मंद नेटवरही पान उघडलं पाहिजे.

• पत्ता : २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेन मिळतं.

पान तयार झालं की कधीच संगणक न हाताळलेल्या शेजाऱ्याला दाखवा. बैठकीची वेळ त्यांना चटकन सापडली नाही, तर पान बदला.