ठराव आणि आपली हजेरी

खारेपाटणला आमच्या वाडीत ग्रामसभेला 'त्यांची सभा' म्हणतात. आम्ही शिकलेले तर गावच्या राजकारणाला गढूळ पाणी समजून काठावरच राहतो. मीही राहिलो आहे.

पण आपल्याच कोकणातले महाड आठवावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने तो १९२४ मध्ये स्वीकारला. तरी तळे बंदच! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर माणसे तळ्यावर चालत गेली, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्याच वर्षी ऑगस्टात नगरपालिकेने ठराव फिरवला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

१९९३ पासून पंचायतीतल्या आपल्या राखीव जागांना घटनेचा आधार आहे. तरी एक नियम ध्यानात घ्यावा. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या ग्रामसभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आपण घरी बसल्याने निर्णय थांबत नाही; तो आपल्यावाचून होतो. वाडीची पायवाट, विहीर, स्मशानाची जागा यांचाही.

म्हणून शिकलेल्याने मागणी लेखी न्यावी, आणि इतिवृत्तात ती उतरली की नाही हे वाचूनच उठावे.