तीन यमकं आणि एक थांबा

यमक म्हटलं की आपल्याला फेअरवेलच्या चारोळ्या आठवतात. 'साथ' आला की 'हात' येणार, 'आठवण' आली की 'साठवण' येणार, ठरलेलंच! त्यामुळे यमक म्हणजे कवितेची रंगरंगोटी असा आपला समज होऊन बसतो. पण मित्रांनो, मराठीत सुमारे चारशे वर्षांपूर्वीचं एक पुस्तक असं आहे की ज्याची पहिली छापील प्रत आज सापडत नाही, तरी मजकूर टिकला. माझं म्हणणं असं की त्यात यमकाचा वाटा मोठा आहे.

पुस्तकाचं नाव 'ख्रिस्तपुराण'. लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स, १५४९ साली जन्मलेले इंग्रज जेझुइट. १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. त्यावेळी नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची अडचण समजून घ्या. पोर्तुगीज अमलात देवळं गेली, जुन्या पोथ्या गेल्या. पण संध्याकाळी पुराण ऐकायची सवय कशी जाणार? फादरनी ती सवय ओळखली आणि बायबलची कथा मराठी पुराणाच्या रूपात रचली. सुमारे ११ हजार ओव्या! १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला (आपल्याकडे रायतूर म्हणतात) ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. १६०८ च्या एका पत्रात फादर लिहितात की देशी अक्षरांना सहाशेच्या आसपास साचे लागतील, ते दोनशेवर आणता येतील. परवानगी मागण्याआधी कॉस्ट रिडक्शन करून ठेवणारा हा माणूस आपल्यातलाच वाटतो.

आता छंदाकडे येऊ. ज्ञानेश्वरीची ओवी तीच ख्रिस्तपुराणाची ओवी. चार चरण, पहिल्या तिघांना एकच यमक, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. मूळ ओवी न देता हॉस्टेलची घरगुती ओवी देतो, सांगाडा लगेच कळेल :

मेसची घंटा वाजली ।
पोळी तव्यावर भाजली ।
ताटे रांगेत सजली ।
भूक लागे ॥

अक्षरं मोजा. ८, ९, ८ आणि ४. म्हणजे पहिल्या तीन चरणांना टॉलरन्स आहे, एखादं अक्षर इकडेतिकडे चालतं. यमकाला मात्र सूट नाही. तीनदा तोच आवाज आला की कान चौथ्यांदाही त्याचीच वाट बघतो, आणि तिथेच ओवी त्याला चकवते, आखूड होते, थांबते. या थांब्यात ऐकणाऱ्याला अर्थ गिळायला वेळ मिळतो. ज्याला वाचता येत नाही आणि जो रविवारी चर्चमध्ये नुसता ऐकतोय, त्याच्यासाठी ही सोय आहे. छापील पानावर आपण मागे जाऊन पुन्हा वाचतो, कानाला ती सवलत नाही.

एक बारीक गोष्ट. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'गेला-बसला-उठला' असं यमक फुकटात मिळतं. पण ते कच्चं, कारण जुळतो तो फक्त प्रत्यय. 'वाजली-भाजली' पक्कं, कारण प्रत्ययाआधीचा 'आज' सुद्धा जुळतो. ('सजली' जरा ढिली आहे, मान्य!) हजारो ओव्यांत दरवेळी पक्कं यमक सापडणं अवघड. फादरना एक मदत होती : जुन्या मराठीत पुष्कळ नामं उकारान्त, म्हणजे देवु, भावु अशी. त्यामुळे नामांचंही यमक जुळायचं आणि क्रियापदावरच अवलंबून राहावं लागत नव्हतं.

१६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की स्थानिक भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज बोला. पुस्तक मात्र हातांनी नकलून, गाऊन चालत राहिलं. गोव्याबाहेर मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितं जपली, आणि त्यांच्या आधाराने १९०७ मध्ये सालदान्हांनी मंगळूरला पुस्तक पुन्हा छापलं.

इथे आपला पॅरिटी बिट आठवा. नक्कल करताना एक चरण गळाला तर तीनऐवजी दोनच यमकं उरतात आणि म्हणताना लगेच अडखळतं. आमच्या चिंचोळी एमआयडीसीत मुरलेला ऑपरेटर यंत्राकडे पाठ करूनही ठेका चुकल्याचं ओळखतो, तसंच. चरणाच्या मधला शब्द बदलला तर मात्र यमक काही बोलत नाही. पॅरिटीलाही सगळ्याच चुका कळत नाहीत.

पुनरावृत्तीचं काम थोडं निराळं. हिब्रू स्तोत्रांत चरणान्ती यमकाला महत्त्व नाही. तिथे एकच विचार दुसऱ्या शब्दांत पुन्हा येतो. १३६ व्या स्तोत्रात तर सव्वीसच्या सव्वीस ओळींत एकच पालुपद आहे! कागदावर कंटाळा येईल, पण एकाने सांगायचं आणि सगळ्यांनी पालुपद धरायचं असं करून बघा. आपल्या भजनातलं ध्रुपद हेच करतं : ज्याला बाकी काही पाठ नाही तोही गाण्यात सामील होतो.

हा धागा रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) बरोबर पकडला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी इंग्रजी चालींच्या जोडीला तुकोबांचा अभंग उपासनेत आणला. अभंगाचं माप ओवीपेक्षा कडक, ६-६-६-४, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत :

वसतिगृहात । दिवा हा जळतो ।
अभ्यास टळतो । मध्यरात्री ॥

अक्षरं ठरलेली म्हणून टाळ बसतो, टाळ बसला की शंभर माणसं एकत्र गाऊ शकतात. ओवी एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, अभंग सगळ्यांनी गायचा. टिळकांचं 'ख्रिस्तायन' मात्र पुन्हा कथेचं काम. ते अपुरं राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. त्यांची 'स्मृतिचित्रे' आपण वाचतो, हे काम सहसा कुणी सांगत नाही.

ख्रिस्तपुराण देवनागरीत १९५६ मध्ये बंडेलूंनी आणि १९९६ मध्ये ड्रेगोंनी आणलं. हाती लागलं तर मनात वाचू नका, रूमचं दार लावून मोठ्याने म्हणा. पहिल्या पाच-सहा ओव्या जड जातील, शब्द जुने आहेत. मग चौथ्या चरणावर आपोआप थांबायला लागाल. रूममेटला आधी कल्पना द्या म्हणजे झालं.